शुक्रीच्या टोपलीला गाडी नको

शुक्री माझी धाकटी जाऊ. तिच्या आणि माझ्या घरामध्ये कारवीचा एकच कूड. तिकडे पळी पडली तरी इकडे कळायचं. ती लग्न होऊन चिखल्याला आली त्या पहिल्याच वैशाखात त्या कुडातून मी एक भांडण ऐकलं. मुद्दाम नाही ऐकलं, पण कानात बोटंही घातली नाहीत.

शुक्रीला माहेरी जायचं होतं, वर डोंगरात, उधव्याच्या पुढे. सोबत सुके बोंबील न्यायचे होते. पाऊस लागला की वर मासळी पोचत नाही. म्हणून आगोटीला, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीला, खाली दिलेली लेक काय घेऊन येते याची सगळा पाडा वाट बघतो. आमच्या सासूला ते पटत नव्हतं.

"मोकळ्या हातानं जा. माहेरच्यांना काय समुद्र उचलून देतेस?"

"मोकळी गेले तर भाऊ विचारील, तुला दर्याकाठी दिली का खडकावर?"

"बैलगाडी मिळायची नाही, आधीच सांगते. गाडी घराची. गाडीतून जाईल ते घराचं, आम्हांला विचारून जाईल."

"आणि डोक्यावरून नेलं तर?"

सासूनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नवी सून, अंगानं काडी. म्हणाली, "डोक्यावर नेशील तेवढं तुझं. ने, किती नेतेस ते बघू."

शुक्री तेव्हा वरोरला मासळी वाळवायच्या कामाला जायची, मजुरीत थोडी मासळीच घ्यायची. दुसऱ्या दिवशी ती एवढी मोठी टोपली भरून निघाली की सासूच उंबऱ्यावर येऊन ओरडली, "अगं, मान मोडेल!" शुक्री वळली नाही. वळता येतच नव्हतं. समोर बघूनच म्हणाली, "मोडली तर माझी."

तेव्हापासून दर वैशाखात ती तशीच गेली. बैलगाड्या संपल्या, जीपा आल्या, तिनं टोपली कुणाच्या गाडीत ठेवली नाही. एसटीला मात्र हरकत नव्हती. "एसटी सरकारची," म्हणायची, "सरकार काय माझी सासू आहे?" उधव्याला उतरायचं आणि पुढे पायवाट. नवरा लवकर गेला, मुलगा सुनिल तिनं चिकूच्या वाडीत मजुरी करून वाढवला. पण वैशाख चुकला नाही.

आता खरी गोष्ट. दोन हजार पंधराचा उन्हाळा. सुनिलची दोन पोरं, सूरज सहा वर्षांचा, हर्षदा चार. शाळा बंद. आई संगिता सकाळीच चिकू निवडायला वाडीत जायची आणि पोरांना सोबत न्यायची. दिवसभर झाडाखाली बसून ती दोघं मुंग्या मारायची, नाहीतर आईच्या फोनवर ते किंचाळणारं कार्टून बघायची. वाडीच्या शेठची नातवंडं तेव्हा थंड हवेला गेलेली. गाडी भरताना कुणीतरी म्हणालं म्हणे, पोरांना हवापालट लागतो.

शुक्रीनं ते ऐकलं आणि संध्याकाळी अंगणात जाहीर केलं, "माझीपण नातवंडं हवापालटाला जातील. डोंगर काय फक्त शेठचा आहे? यंदा दोघांना घेऊन जाते वर. पाऊस दिसायला लागला की खाली."

संगिता सूप टाकून उठली. "आई, एवढ्याशा पोरांना चालवत? उन्हात?"

"उन्हात नाही. ऊन असेल तेव्हा सावलीत बसू. डोंगर कुठं पळून जातो का?"

सुनिल म्हणाला, "मग मनिषच्या गाडीनं जा ना. मी सांगतो त्याला."

मनिष माझा मुलगा. त्यानं नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती, लग्नाच्या भाड्याला. पांढरी गाडी, पांढरी कव्हरं, आरशाला फुलांची माळ. तो लगेच तयार झाला. मोठ्या मनाचा आहे माझा मुलगा, आईनं म्हणू नये पण आहे. फक्त डोकं खाजवत म्हणाला, "काकी, तू ये, पोरं येऊ देत, आई येऊ दे. बोंबील नको. वास महिनाभर जात नाही गं. उद्या त्यात नवरी बसते."

"मग नवरीला सांग, सासरचा वास आत्तापासून घे. सवय होईल."

"काकी, मस्करी नको."

"मस्करी कसली? बोंबलाला जागा नाही तिथं मला जागा नाही. आणि जागा केलीस तरी मी टोपली ठेवायची नाही. तुझ्या गाडीतून गेलं तर ते मनिषनं पाठवलं. मी नेतेय ते माझं आहे."

मनिषनं माझ्याकडे बघितलं. मी चुलीकडे बघितलं. एकीकडे मुलगा, एकीकडे कुडापलीकडची. अशा वेळी चुलीचा फार आधार असतो.

संगितानं शेवटी अट घातली, आणि सासूच्या डोळ्यात बघून घातली. तीही काही कमी नाही. "न्या. पण वाटेत एक जण जरी घरी चल म्हणून रडलं, तर मला नाहीतर मनिषभावोजींना फोन करायचा. ते गाडी घेऊन येतील आणि पोरांना आणतील. आणि परत डोंगराचं नाव काढायचं नाही. कधीच."

"कधीच?"

"कधीच, आई."

शुक्री म्हणाली, "चालेल." म्हणाली खरी, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. पोरं एकदा गाडीतून परत आली की डोंगर त्यांच्यासाठी मेला, हे तिला कळत होतं. तिच्यानंतर वर जाणारं कुणी उरणार नव्हतं. सुनिल लहानपणी एकदाच आला होता, तोही ताप घेऊन परतला.

मग सुरू झाली तयारी. मला विचारलंही नाही, माझी पिशवी तिनंच भरली. "बाय, तू येतेस. म्हाताऱ्या दोन असल्या की पोरांना वाटतं, एक दमली तर दुसरी आहे."

तिनं आधी टोपली मोडली. म्हणजे एका मोठ्या ओझ्याचे तुकडे केले. पळसाच्या पानांत बोंबील, मांदेली, जवळा, सगळ्याच्या पुड्या बांधल्या, वरून काथ्या. मोठ्या पुड्या तिच्या टोपलीत, मधल्या माझ्या पिशवीत. सूरजसाठी बोंबलाची एक गाठोडी, खांद्यावर अडकवता येईल अशी. हर्षदाला जवळ्याची एवढीशी पुडी, आंब्याएवढी. संगिता म्हणाली, "तिला कशाला?" शुक्री म्हणाली, "हात मोकळे असले की पोरं उचलून घे म्हणून वर करतात."

पोरांना तिनं एकच नियम सांगितला. किती राहिलं, असं विचारायचं नाही. पुढं काय दिसतं ते सांगायचं.

वाट तिनं मनात चारदा चालून घेतली असेल. चपला नव्या नकोत, जुन्याच हव्यात. पहाटेची एसटी. उधव्याच्या पुढे काळीच्या घरी मुक्काम. ही काळी तिची लहानपणची सोबतीण, अर्ध्या वाटेवर दिलेली. "आपण एका दिवसात जातो," शुक्री म्हणाली, "पोरं दोन दिवसांत जातील. त्यांना काय हजेरी लावायची आहे?"

एसटीत आम्ही मागच्या बाकावर बसलो. एक पाटलोणवाला नाकाला रुमाल लावून म्हणाला, "काय आहे हो टोपलीत?" शुक्री म्हणाली, "अत्तर. लावू का?" बाकीची गाडी हसली आणि एका बाईनं भावही विचारला.

उतरलो तर कुत्री मागे लागली. एक होतं, मग तीन झाली, पाड्यागणिक बदलत गेली. हर्षदा जाम खूश. पुडी पोटाशी धरून ती कुत्र्यांना सांगत होती, "तुमचं नाही. मामाचं आहे." बापाचा मामा तो पोरांचाही मामाच. वाटेत ताडगोळे मिळाले, ते खाल्ले. ऊन चढलं तसे आंब्याखाली आडवे झालो. रात्र काळीच्या अंगणात काढली. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी मोडलं. कोरडी नदी ओलांडायची होती, नुसते गोटे, वर ऊन येऊ लागलेलं. तिथून जवळच पक्का रस्ता जातो. त्या रस्त्यावरून एक जीप गेली, गाणी लावून, आत पोरं बसलेली. सूरजनं ती बघितली आणि मटकन गोट्यावर बसला. "मला घरी जायचंय. मनिषकाकाला बोलाव."

मी म्हटलं, "चल रे राजा, थोडंच..." शुक्रीनं माझ्याकडे असं बघितलं की पुढचं गिळलं.

तो मोठ्यानं रडायला लागला. हर्षदानं जरा वेळ बघितलं आणि तिनंही तोंड वासलं.

सुनिलनं दिलेला फोन माझ्या पिशवीत होता. तो बाहेर काढू नये असं मला फार वाटलं. नदीत कोण बघायला आलं होतं? पण शुक्रीच म्हणाली, "बाय, फोन काढ. कबूल केलंय."

मला त्यातलं हिरवं बटण तेवढं माहीत. सूरजनंच रडत रडत मनिषला लावला. मनिषचा आवाज आम्हांला सगळ्यांना ऐकू येत होता.

"काका, ये. गाडी घेऊन ये."

"येतो रे बाळा. आजीला दे, कुठं आहात विचारतो."

शुक्रीनं फोन घेतला नाही. ती टोपली खाली ठेवून बसली होती, तिनं नुसतं सूरजच्या गाठोडीकडे बोट केलं. "जा. पण हे सोडून जा. गाडीत चालत नाही. मी नेते, माझ्या टोपलीत टाकते. मामा विचारील बोंबील कुणी आणले, तर सांगीन मीच आणले."

सूरजनं गाठोडी घट्ट धरली. नाक ओढलं. मग फोनमध्ये विचारलं, "काका, बोंबील गाडीत चालतील?"

"नाही रे राजा. ते राहू दे आजीकडे. तू ये."

"हे माझे आहेत."

"अरे, पण वास..."

"मग तूच राहू दे," सूरज म्हणाला आणि लाल बटण दाबलं.

लगेच उठला असं नाही. अजून थोडा रडला, गोटे फेकले, आजीला वाईट म्हणाला. शुक्रीनं सगळं ऐकून घेतलं, त्याला एकदाही शाबास म्हटलं नाही. मग तो गाठोडी खांद्यावर टाकून पुढे निघाला, आमच्याशी न बोलता. खिंडीजवळ मात्र वळून ओरडला, "पुढं वाघाचा दगड दिसतो!" तिथं वाघदेव आहे, शेंदूर लावलेला. आम्ही सगळ्यांनी एकेक पान वाहिलं.

पाड्यावर बाबल्या, म्हणजे शुक्रीचा भाऊ, अंगणात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, पालापाचोळा ओढत होता. सूरजनं त्याच्यासमोर गाठोडी टाकली. "मी आणले." बाबल्यानं ती उघडली, एक बोंबील नाकाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाला, "पाव्हण्याला पाणी द्या आधी."

रात्री संगिताचा फोन आला. मनिषनं अर्धवट सांगितलेलंच होतं. "आई, खरं सांगा. रडला का?"

मी शुक्रीच्या कानाशी पुटपुटले, नाही म्हण.

"रडला," शुक्री म्हणाली. "चांगला गळा काढून रडला. खोटं कशाला बोलू? तू माहेरून येताना रडली नव्हतीस? तुला कुणी परत नेली का? अट तुझी होती, गाडी बोलावली. त्यानंच नको म्हटली. आता पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी तोंडावर भांडू. आता झोपतेय मी."

मग संगिता म्हणाली, "हर्षदाच्या अंगावर पांघरूण घाला. ती लाथाडते."

पुढच्या वैशाखात भांडण झालं नाही. शुक्री कंबर कसून बसली होती, तिचा थोडा हिरमोडच झाला. त्याच्या पुढच्या वर्षी संगिताच वाडीत सुट्टी सांगून आली. मुकादम म्हणाला, "मजुराला कसला हवापालट?" ती म्हणाली, "शेठला लागतो तो." सासूचंच तोंड ते. त्या वर्षी तिनं खाडे सोसले, पण आली. करवंदं खाऊन पोरांचे ओठ काळे, गुडघे फुटलेले, डोहात डुंबून अंगाला चिखलाचा वास. शेठची नातवंडं गोरी होऊन यायची, आमची दरवर्षी आणखी काळी. शुक्री म्हणायची, "पक्का रंग आहे, जात नाही."

दोन हजार एकोणीसला ती खंगली होती. छातीत घरघर. डहाणूच्या डॉक्टरनं दम लागेल असं काही करू नका म्हणून सांगितलं. मनिष स्वतः येऊन उभा राहिला. "काकी, बोंबील घाल गाडीत. प्लास्टिक अंथरतो. नवरी गेली उडत."

तिला हसू आलं, खोकला आला. म्हणाली, "गुणाचा आहेस. त्या प्लास्टिकवर वाळवण घाल अंगणात. मी चालते."

"वर पोचायला चार दिवस लागतील तुला!"

"लागू देत की. पाऊस काही माझ्या आधी येत नाही."

त्या आषाढात शुक्री गेली. पण वैशाखातली आगोट पोचवूनच गेली. चढावर दर झाडाखाली बसत होती. टोपली अर्धीच होती, बाकीचं सूरज आणि हर्षदानं वाटून घेतलेलं, आणि हर्षदा आता कुत्र्यांना काठी दाखवायची. पोचल्यावर बाबल्याच्या बायकोनं बाज टाकली, पड म्हणाली. ही पडेना. संध्याकाळी पुड्या घेऊन घरोघर निघाली, दरवर्षी निघायची तशी. एकीला बोंबील उघडे ठेवल्याबद्दल झापलं, एकीच्या नव्या सुनेला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं.

सगळ्यात वरच्या घरात रूपी राहते, म्हातारी, दोन्ही डोळे गेलेले. शुक्री दारात दम खात उभी राहिली, बोलली काहीच नाही. रूपीनं नाक वर केलं.

"शुक्री गं?"

"मी नाही तर कोण? धर. मांदेली आहेत. पाऊस लागायच्या आधी एकदा उन्हात घाल."