लायनफिशचं पान

“अगं, आणखी बर्फ आण! आणि ही बघ, नुसती उभी. इंग्लिश मीडियमच्या मुली अशाच,” शेजारच्या काकू आईला म्हणाल्या.

मी दारातच थिजले होते. वर्तकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत सगळा मजला जमला होता. खाऱ्या पाण्याच्या टाकीची काच आतून पुसताना लायनफिशचा काटा बाबांच्या बोटात गेला होता आणि हात मनगटापर्यंत सुजला होता. एरवी कधी न ओरडणारे बाबा दात आवळून कण्हत होते. काकू बर्फ दाबत होत्या आणि कळ वाढतच होती. मासा मात्र कोपऱ्यात पंख पसरून शांत तरंगत होता.

कंपनी बंद पडल्यापासून बाबा दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. हा मासा आणल्यावर ते पुन्हा बोलायला लागले, त्याला कोलंबी भरवताना तर हसायचेसुद्धा. माशांचं पुस्तक इंग्रजीत होतं, म्हणून मीच त्यांना ते मराठीतून सांगायचे. काट्यांतल्या विषाचं पान आलं तेव्हा आई समोरच भाजी निवडत बसली होती. तिने ऐकलं असतं तर मासा त्याच दिवशी घराबाहेर गेला असता. मी ते पान गाळलं. नंतर बाबांना एकट्याला सांगेन म्हटलं, आणि सांगितलं नाही.

काकूंनी बर्फाचा दुसरा ट्रे उपडा केला. बाबांनी डोळे मिटून घेतले.

“बर्फ नको, काकू,” मी म्हणाले. “सोसेल तितक्या गरम पाण्यात हात धरायचा. पुस्तकात आहे. बाबा, ते पान मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं.”