हुंगलेला हात

मॅडमनी माझा उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि सबनीस काकूंच्या नाकाखाली नेला.

"घ्या वास. अगदी जवळून घ्या. सारसोळ्याची कोळीण आहे ही. येतो का वास, सांगा."

सबनीस काकू आधी जरा मागे सरकल्या. मग पुढे झुकल्या. नाकपुड्या फुगवून त्यांनी माझी बोटं हुंगली. तळवा हुंगला. बाजारात पापलेटाचे कल्ले उघडून बघतात, तशा.

"नाही हो. कमाल आहे. पत्तासुद्धा लागत नाही."

"मी वळण लावलंय तिला," मॅडम म्हणाल्या.

पार्लरमधल्या सगळ्या हसल्या. मीही हसले. माझा हात अजून मॅडमच्या हातात होता आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं, की बरं झालं, पास झाले. राग वगैरे काही आला नाही. राग येण्याइतकी मी तेव्हा शहाणी नव्हते.

वाशीला एका शॉपिंग कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर ते पार्लर होतं. नव्वदीची मधली वर्षं. दादर-पार्ल्याहून आलेली कुटुंबं नव्या सोसायट्यांमध्ये स्थिरावली होती. बायकांच्या हातात जरा वेळ आला होता, जरा पैसा आला होता. मी तिथे झाडू मारायला लागले होते. केस गोळा करायचे, टॉवेल धुवायचे. मग भुवया कोरायला शिकले. मग मॅडमच्या नणंदेनं सिंगापूरहून नकली नखांचा डबा आणला आणि मॅडमच्या लक्षात आलं, की या कामाला सगळ्यात स्थिर हात माझा आहे. त्यांनी मला नखांच्या टेबलाशी खुर्ची दिली. चाकांची, गोल फिरणारी. आमच्या गावात ऑफिसातल्या साहेबाशिवाय असल्या खुर्चीवर कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

खुर्ची देताना त्यांनी अट घातली. "घरी मासळीला हात लावायचा नाही. लावलास तर मला कळेल. मग झाडू परत."

मी हो म्हटलं. घरी येऊन आयला सांगितलं.

आय तेव्हा कोलंबी सोलत होती. बाप खाडीवर जायचा, जाळ्यात येईल ते आणायचा. पण फ्लॅटमधल्या बायकांना कोलंबी साफ करून हवी असायची, सालं काढलेली, धागा काढलेला. म्हणून पहाटे आम्ही दोघी समोरासमोर बसायचो, मधे टोपली, आणि सोलायचो. कोलंबीच्या डोक्याला काटा असतो. तो बोटात शिरला की दिवसभर हुळहुळतं, मिठाचं पाणी लागलं की डोळ्यात पाणी येतं. दोघींच्या बोटांना तो वाटून यायचा.

अट ऐकून आयनं हातातली कोलंबी सोलून संपवली. मग म्हणाली, "मंग नको लावू हात. मी हाय ना."

एवढंच. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याआधी उठायला लागली. टोपली तेवढीच, हात दोन कमी. मी आतल्या खोलीत झोपून राहायचे. झोप लागायची नाही. सालं टोपलीबाहेर पडल्याचा आवाज ऐकू यायचा. मग उठून लिंबानं हात चोळायचे, मासळी न शिवताच, आणि तिच्या बाजूनं पदर आवरून, लांबून बाहेर पडायचे. ते लांबून जाणं मला आजही आठवतं आणि तोंड लपवावंसं वाटतं.

कामाचं मात्र मला वेड लागलं, हे खोटं कशाला सांगू. त्या डब्यात खण होते आणि खणाखणात टिपा, म्हणजे नखाच्या टोकाला चिकटवायची प्लॅस्टिकची नखं. एका जातीला मागच्या बाजूनं मोठी खाच असते, ती जवळजवळ अर्ध्या नखावर चढते. पक्की बसते, पण सांधा दिसेनासा होईपर्यंत घासत बसावं लागतं. दुसरीची खाच लहान. आखूड नख, कुरतडलेलं नख असेल तर ती बरी. तिसरी पांढरी शुभ्र, तिला खाचच नाही, नखाच्या काठालगत टेकवायची, हात जरा हलला की वाकडी. आणि चौथी सगळं नख झाकणारी, बुडापासून टोकापर्यंत. कुणाला कुठली, हे बोट हातात घेतल्याशिवाय कळत नाही. टीप या काठापासून त्या काठापर्यंत पुरली पाहिजे. माप मधलं आलं तर मोठी घ्यायची आणि बाजूनं घासायची. लहान दामटली तर नख आवळतं आणि ठणकतं. मग गोंदाचा थेंब, टीप तिरकी टेकवायची, हवा बाहेर काढत हळूच खाली आणायची आणि धरून ठेवायची. धरून ठेवलेल्या त्या क्षणात बाई गप्प होते. अनोळखी बाईचं बोट आपल्या बोटांत असतं. मला ते आवडायचं.

आणि मग ती रीतच पडली. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी माझा हात त्यांच्या नाकाला, मग कामाला. मॅडमना त्याचं कौतुक. पार्लर किती स्वच्छ आहे, हे त्यांना माझ्या तळव्यावरून दाखवायचं असायचं. पंजाबी, गुजराती, आपल्या मराठी, सगळ्यांनी हुंगला. एकीनं विचारलं, "मग तुम्ही घरी खात नाही का मासे?" मी म्हटलं, "खातो की." तिनं तोंड वाकडं केलं आणि तरी बोटं पुढे केली.

पुढे मॅडमना वाटलं, गिऱ्हाइकांना नमुना दिसायला हवा. त्यांनी माझ्याच दहाही बोटांवर पूर्ण नख झाकणाऱ्या लांब टिपा बसवून घेतल्या, वर मरून पॉलिश. "ही आपली जाहिरात. मोडायची नाहीत."

घरी आले. ब्लाउजचे हुक निघेनात. स्टोव्हची काडी पेटवता येईना. जेवायला बसले तर भातात नखं रुतायला लागली. कालवण हाताला धरेना. वाकडीतिकडी बोटं करून दोन घास कसेबसे घेतले आणि ताट सरकवलं. आयनं बघितलं. माझं ताट पुढे ओढलं, भात कालवला, घास केला.

"आ कर."

मी वीस वर्षांची घोडी. आ केला. तिचं बोट माझ्या ओठाला लागलं, खरखरीत, जागोजागी टोचलेलं. कालवणाचं मीठ-तिखट त्या टोचलेल्या जागांमध्ये जात होतं. प्रत्येक घासाला तिचा जबडा जरासा आवळत होता. मला दिसत होतं. मी खात राहिले. पोटभर खाल्लं. खाऊन झाल्यावर तिनं माझं तोंड पुसलं आणि माझी नखं लांबूनच बघितली. हात लावला नाही, वास लागेल म्हणून.

त्या रात्री मला माझीच शिसारी आली. पण सकाळी उठून मी परत वाशीची बस धरली. शिसारी येऊनही माणूस बस धरतो.

काही दिवसांनी सबनीस काकू त्यांच्या मुलीला घेऊन आल्या. तिचा साखरपुडा होता. मुलगी माझ्याच वयाची. हात ओढणीत लपवून बसली होती. मी हळूच हात बाहेर काढला. नखं पार कुरतडलेली, कडेची कातडीसुद्धा सोललेली.

"टेन्शन आलं की खाते मी," ती म्हणाली.

"होतं," मी म्हटलं. लहान खाचेच्या टिपा काढल्या, एकेक बोटाला लावून बघितल्या. डाव्या हाताची बोटं झाली होती, उजव्याचीही होत आली होती. मुलगी जरा सैलावली होती, चक्क हसली होती. तेवढ्यात मॅडम आल्या. फोनवर होत्या म्हणून त्यांची रीत राहून गेली होती.

"अगं, वास घेतलास का हिचा? कोळीण आहे ही." माझं मनगट धरलं.

मुलगी म्हणाली, "राहू दे ना."

काकू म्हणाल्या, "घे, घे. उद्या पाहुण्यांसमोर नको काही."

माझा हात वर जायला लागला. सवयीनं, आपणहून. मॅडमना ओढावासुद्धा लागला नाही. आणि त्यातच मला ते दिसलं. हात सैल सोडून देतेय ती मीच. इतके दिवस मला वाटायचं, की बायका माझा हात हुंगतात. त्या हुंगत होत्या माझ्या आयला. ती माझ्यात उरली आहे का, हे तपासत होत्या, आणि ती सापडली नाही की मी खूश होत होते.

मी हात मागे घेतला.

"हात नाही देणार."

"काय?"

"नखं बसवते. हात हुंगायला नाही देणार."

"इथे बसायचं असेल तर द्यावा लागेल."

"मग नाही बसत."

आवाज मोठा नव्हता माझा. मुलीच्या शेवटच्या बोटाची टीप मापून तयार होती, ती तेवढी गोंद लावून बसवली, नीट धरली. तिचा काही दोष नव्हता. मग ॲसिटोनची वाटी ओढली आणि त्यात माझी बोटं बुडवली. मॅडम बडबडत होत्या, "उपकार केले तर हे असं. शेवटी जात दाखवलीच." प्लॅस्टिक मऊ व्हायला वेळ लागतो. मी तो सगळा वेळ त्याच खुर्चीवर बसले, त्यांच्यासमोर. खालून माझी नखं निघाली, कागदासारखी पातळ, पांढरट.

घरी आयला सांगितलं. मला वाटलं होतं, ती पाठीवर हात ठेवेल. ती मटकन बसली.

"माज्या वासानं गेली ना गो तुजी नोकरी?"

मी नाही म्हटलं. हजारदा नाही म्हटलं. तिला पटलं नाही. ती मरेपर्यंत पटलं नाही. ते ओझं मी तिच्या पाठीवर ठेवलं, हुंगणाऱ्या बायकांनी नव्हे. पहिल्याच दिवशी मी ती अट नाकारली असती, घरी आणलीच नसती, तर आपला वास मला आड येतो असं तिला वाटलंच नसतं. म्हणून त्या नकाराचा मला अभिमान वाटत नाही. उशिरा दिलेला नकार होता तो.

दुसऱ्या पहाटे मी टोपलीपाशी बसले. पातळ नखांखाली काटा सरळ आत गेला. आय म्हणाली, "उठ बाय, हात जातील." मी उठले नाही.

सोलून झाल्यावर साबणानं हात धुतले, लिंबू लावलं नाही, आणि नेरुळच्या एका पार्लरमध्ये गेले. मालकिणीला म्हटलं, "नखं बसवते, सगळ्या जातीच्या टिपा येतात मला. सारसोळ्याची कोळीण आहे. सकाळी आयबरोबर कोलंबी सोलते, मग कामावर येते. ते काम सोडणार नाही." तिनं नको म्हटलं. मी पुढच्या पार्लरचा जिना चढले आणि तिथेही हेच म्हटलं, याच क्रमानं, एकही शब्द न गाळता. तिथेही नाही मिळालं. पण ठरलं ते ठरलं. आयच्या समोरची जागा रिकामी करून जी खुर्ची मिळते, तिच्यावर मी बसणार नाही. घरी बसावं लागलं तरी चालेल.