दुसऱ्यांच्या परीक्षेचे दात

जबडा बधिर केलेल्या माणसाला पेढा द्यायचा नसतो. सव्वीस वर्षं दातांच्या धंद्यात काढलेल्या माणसाला एवढं कळायला हवं. मला त्या दिवशी कळलं नाही.

मुलीचा निकाल लागला होता. तनुजाला डेंटलला प्रवेश मिळणार, हे नक्की झालं होतं. मी अर्धा किलो पेढे घेतले, स्कूटर काढली आणि येरवड्याहून थेट मोठ्या डॉक्टरांचं क्लिनिक गाठलं. आनंदाच्या भरात समोरच्या दाराने आत शिरलो. सोफ्यावर एक आजोबा बसले होते. पांढरा शुभ्र सदरा, हातात घडी केलेला रुमाल. म्हटलं, "घ्या काका, मुलगी डॉक्टर होणार माझी." त्यांनी कौतुकाने पेढा तोंडात टाकला. त्यांना इंजेक्शन देऊन पाच मिनिटं झाली होती. खालचा अर्धा जबडा मेलेला. पेढा लाळेसकट ओघळून सदऱ्यावर आला आणि त्यांना पत्ताच नाही. माझ्याकडे बघून ते हसतच होते.

मी खिशातला रुमाल काढून पुसायला लागलो. तेवढ्यात मोठे डॉक्टर बाहेर आले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "लॅबवाल्यांचा दरवाजा मागे आहे. इतक्या वर्षांत कधी चुकला नव्हतात. आज काय झालं?"

सात-आठ माणसं बसली होती. एक बाई हसल्या. आजोबांना अजून काही कळलं नव्हतं.

मी कवळ्या बनवतो. डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप घेतात, ते माझ्याकडे येतं. आमची ही त्यात प्लास्टर ओतून साचा काढते, मी मेणावर एकेक दात लावतो, मग त्याची पक्की कवळी होते. रोगी डॉक्टरांचे आभार मानतो. तीच रीत आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नव्हती. मी मागच्या दाराने जायचो. वापरलेले हातमोजे जिथे बादलीत टाकतात, त्या खोलीत डबा ठेवायचो आणि नवी मापं उचलून निघायचो. चहा विचारला तर उभ्यानेच प्यायचो.

"पेढे कसले?" डॉक्टरांनी विचारलं.

"मुलगी, सर. डेंटलला नंबर लागतोय."

"अरे वा. कोणत्या कॅटेगरीतून?"

पुण्यात हा प्रश्न अगदी स्वच्छ आवाजात विचारतात. दुधाचा भाव विचारावा तसा. आडनाव त्यांना माहीत होतं, म्हणजे उत्तरही माहीत होतं. तरी मी सांगितलं. वर हसून सांगितलं.

"म्हणजे आता मिस्त्रींच्या मुलीला आपण डॉक्टर म्हणायचं," ते रिसेप्शनवरच्या बाईंना म्हणाले. "काळ फार पुढे गेला हो. आपणच मागे राहिलो."

पेढा त्यांनी घेतला नाही. साखर वर्ज्य आहे म्हणाले. मी डबा बाईंच्या टेबलावर ठेवला आणि निघालो. मागच्या दाराने. कोणी सांगितलं नव्हतं. पाय आपोआप तिकडे वळले.

एवढं झाल्यावर कोणाही शहाण्या माणसाने त्यांचं तोंड पाहिलं नसतं. मी दुसऱ्याच आठवड्यात त्यांना फोन करून विचारलं, "सर, आपलं कॉलेज एकदा दाखवाल का?"

कारण आमच्यापुढे दोन कॉलेजं होती. एक सरकारी, पुण्यापासून एसटीने सहा तास लांब. फी किरकोळ. इमारत जुनी. नाव घेतलं तर शेजारी "असं का" म्हणतील आणि गप्प बसतील असं. दुसरं पुण्यातलंच, अभिमत विद्यापीठाचं. काच, संगमरवर, आत कारंजं. गाडी आली की सलाम ठोकणारा गार्ड. तिथून शिकून आलेले लोक दवाखान्याच्या पाटीवर कॉलेजचं नाव स्वतःच्या नावाहून मोठं लिहितात. तिथे आमच्या कॅटेगरीला फीची सवलत नाही. पूर्ण भरा नाहीतर निघा. पूर्ण भरायची तर धायरीतली दीड गुंठा जागा विकावी लागणार होती. लग्नानंतर पोटाला चिमटा घेऊन घेतलेली जागा. पिठाच्या गिरणीमागच्या खोलीतून लॅब तिकडे न्यायची, असं आमचं दोघांचं ठरलेलं.

मोठे डॉक्टर त्याच कॉलेजात कवळीच्या विभागाचे प्रमुख होते. सकाळी कॉलेज, संध्याकाळी क्लिनिक.

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती मी घरातही कधी मोठ्याने बोललो नव्हतो. त्या कॉलेजचं नाव आतून किती पोकळ आहे, हे पुण्यात माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. कारण ते नाव मी चालवत होतो. मी आणि माझ्यासारखे आणखी तीन-चार लॅबवाले.

नियम असा, की प्रत्येक विद्यार्थ्याने ठरावीक कवळ्या स्वतःच्या हाताने करायच्या आणि सरांची सही घ्यायची. तिथली निम्मी पोरं ती कामं आमच्याकडे पाठवायची. नाष्ट्याच्या डब्यात साचा, वर चिठ्ठी. पुढेपुढे चिठ्ठीऐवजी मेसेज. "अंकल, फार परफेक्ट नको. थोडं स्टुडंटसारखं करा." मग मी सगळे दात नीट लावायचो आणि शेवटची दाढ मुद्दाम जराशी तिरकी ठेवायचो. सर त्या दाढेचे दोन मार्क कापायचे आणि सही करायचे. माझ्या हाताचं काम ते क्लिनिकमध्ये रोज बघत होते. त्यांना ओळखू येत नसेल?

अकरा वर्षं मी तिरक्या दाढा लावल्या. आणि तरीही मला माझी मुलगी त्याच कॉलेजात हवी होती.

का, तर त्या गेटातून मला बाप म्हणून आत जायचं होतं. लॅबवाला म्हणून नाही. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पेट्या उचलायचे. साहेबाची गाडी आली की पेटी खाली ठेवून बाजूला व्हायचे. मला वाटायचं, एकदा तरी आपल्या घरातल्या कोणासाठी गेट उघडावं. एवढ्यासाठी मी दीड गुंठा विकायला निघालो होतो. दलालाला फोनही करून ठेवला होता.

तनुजा म्हणाली होती, "पप्पा, सरकारीत रोज रोग्यांची रांग असते. तिथे हात बसतो. मी चौकशी केलीये."

मी म्हटलं, "तुला काय कळतंय? नाव ते नाव असतं."

आमची ही काहीच बोलली नव्हती. ती बोलत नाही तेव्हा घाबरायचं असतं. तेही मी विसरलो.

तर आम्ही गेलो. मी नवा शर्ट घातला होता, इस्त्रीचा, बाहीवर घड्या तशाच. गेटवर गार्डने हात आडवा केला.

"डिलिव्हरी का?"

"नाही. ॲडमिशन."

"कोणाची?"

तनुजा शेजारीच उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, वहीत नाव लिहून घेतलं आणि आम्हाला बाजूच्या छोट्या फाटकातून आत सोडलं.

वर डॉक्टर व्हरांड्यातच भेटले. "बरं झालं आलात," म्हणाले. मला खरंच वाटलं की ह्यांना बरं वाटलं.

त्यांनी आम्हाला एका लांब हॉलमध्ये नेलं. ओळीने टेबलं, प्रत्येकावर स्पिरिटचा दिवा, पांढऱ्या कोटातली बारा-पंधरा मुलं-मुली. दुसऱ्या दिवशी त्यांची परीक्षा होती. तपासायला बाहेरून पाहुणे यायचे होते. एका मुलीपुढे साचा होता, त्यावर मेणाची पट्टी. दात एकही नाही.

"हिचं काम उद्या पाहुण्यांना दाखवायचं आहे," डॉक्टर म्हणाले. "आलाच आहात तर वरचे चौदा लावून टाका. तुम्हाला काय, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. तोवर मी मुलीला कॉलेज दाखवतो."

तनुजा म्हणाली, "मी इथेच थांबते."

मी स्टुलावर बसलो. हेच सांगायला मी इतकं लिहितोय. त्यांनी लावा म्हटलं आणि मी बसलो. नव्या शर्टाच्या बाह्या वर केल्या. दिवा पेटवला.

हात चालू झाले. पुढचे दोन, त्यांच्या बाजूचे दोन, मग सुळे. मुलं भोवती जमली. कोणी मोबाइल काढून शूटिंग करायला लागलं. डॉक्टर माझ्या खांद्यामागे उभे राहून शिकवायला लागले.

"बघा. ह्या हातांना डिग्री लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या हाताची कामं केलेली माणसं ही. ह्यांच्यात ते येतंच. आपल्याला डोकं चालवावं लागतं."

कोणीतरी हसलं.

"आणि गंमत बघा, ह्यांना आता मुलीसाठी डिग्री हवी आहे. पुढच्या महिन्यात ती इथे तुमची ज्युनिअर. मग तिच्या परीक्षेचे दात कोण लावणार?"

ते थांबले. शिक्षक थांबतात तसे, उत्तराची वाट बघत.

"अंकल!" मागून दोघं-तिघं एकदम ओरडले. हॉलभर हशा पिकला. जिच्यासाठी मी दात लावत होतो तीही हसली, पण खाली बघून.

मी मान वर केली नाही. वर केली असती तर मीही हसलो असतो. मी मला ओळखतो.

दाढा आल्या. डावीकडच्या झाल्या. उजवीकडची शेवटची राहिली. ती लावली आणि बोटांनी सवयीने तिला जरासं वळवलं.

"पप्पा," तनुजा हळूच म्हणाली, "ती दाढ तिरकी झाली."

"असू दे."

"अहो, तिरकी आहे. रोगी चावणार कसा?"

"मुद्दाम आहे ती."

"का?"

 उत्तर जिची परीक्षा होती त्या मुलीने दिलं. भोळेपणानेच. "अगं, नाहीतर स्टुडंटचं वाटत नाही ना. अंकल नेहमी तशीच देतात."

तनुजाने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर बोलत होते तेव्हा तिचे कान लाल झाले होते, पण माझ्याकडे बघायची नजर नेहमीचीच होती. आता नजर बदलली. लहानपणापासून ती माझ्या टेबलाशेजारी बसून अभ्यास करत आलीये. रोज एकच वाक्य ऐकत आलीये, की बाळा, माणूस ह्याने जेवणार आहे, काम वाकडं करायचं नाही. कॉलेजचे डबे दिसले की मी तिला सांगायचो, ते नमुने आहेत.

डॉक्टरांनी केलेला अपमान मी गिळला असता. आजवर गिळलेलेच होते, त्यात आणखी एक. पण ती नजर गिळता येईना.

मी मेणाची सुरी दिव्यावर धरली. तापली. पहिली तीच दाढ उचलली आणि ट्रेमध्ये टाकली. मग तिच्या पुढची. मग एकेक करून सगळे. चौदाच्या चौदा. मेणात चौदा खड्डे राहिले, तेही सुरी फिरवून सपाट केले.

"मिस्त्री, हे काय चाललंय?"

"काढतोय, सर. जिची परीक्षा, तिने लावावेत."

 शूटिंग करणाऱ्याने मोबाइल खाली घेतला.

"तुम्हाला कळतंय ना? उद्यापासून माझ्या क्लिनिकचं एक माप तुमच्याकडे येणार नाही."

"हो."

"आणि मुलीची सीट?"

"ती इथे शिकणार नाही. सरकारीत जाईल."

"जा ना." आवाज अजून तितकाच स्वच्छ. "तुमची जागा तीच आहे. परवडत नाही म्हटलं की माणसाला तत्त्वं सुचतात."

"परवडत होतं, सर," मी म्हणालो. "जागा विकायला काढली होती. पण जे काम मी इथे विकत आलो, तेच मुलीसाठी विकत घ्यायला आलो होतो. ते नको."

माझा आवाज कापत होता. हे वाक्य मी फार तडफेने बोललो असं वाचणाऱ्याला वाटेल, म्हणून सांगतो. कापत होता, आणि मध्येच खोकला आला.

ती मुलगी रडायला लागली. "अंकल, प्लीज. मला खरंच येत नाही हो." तिच्या हातात दाताचा ट्रे तसाच. तीन वर्षं त्या कॉलेजात काढून तिला चौदा दात लावता येत नव्हते, आणि त्यात माझा हात होता. मला तिची दया आली नाही. यायला हवी होती, पण आली नाही.

आम्ही निघालो. जाताना मी छोट्या फाटकाकडे वळलो नाही. मोठं गेट बंद होतं. मी त्यासमोर उभा राहिलो. गार्ड म्हणाला, "बाजूने जा." मी म्हटलं, "उघडा." तो बघत राहिला. मागून कोणाची तरी गाडी आली, तिने हॉर्न दिला, त्याने गेट उघडलं. आम्ही दोघं गाडीच्या पुढे चालत बाहेर पडलो. हॉर्न वाजत होता. आम्ही घाई केली नाही.

 घरी आल्यावर तनुजाने मोबाइलवर सरकारी कॉलेजची जागा पक्की केली आणि बॅग खाली काढली. मी दलालाला फोन करून जागा विकायची नाही म्हणून सांगितलं.

मग लॅबमध्ये गेलो. आमची ही मापात प्लास्टर ओतत होती. मी सगळं सांगितलं. गार्डपासून गेटापर्यंत. चौदा दात कसे काढले ते दोनदा सांगितलं. खरं सांगतो, मला वाटलं, आता ही हात थांबवेल, माझ्याकडे बघेल आणि म्हणेल, बरं केलंत.

तिने हात थांबवला नाही. माप टेबलावर आपटून बुडबुडे काढत म्हणाली,

"अकरा वर्षं लोकांची पोरं पास केलीत. त्यातली कितीतरी आज दवाखाने थाटून बसलीत. कोणाच्या तोंडात काय करत असतील देवाला ठाऊक. आणि त्यांचे साचे मी ओतले, ह्याच हातांनी, तोंड मिटून. तुम्ही एका पोरीचे चौदा दात काढून आलात. म्हणून लगेच छाती काढू नका. डॉक्टरांचं काम गेलं, आता घर ओढायचं म्हणून ह्या पोरांचे फोन तुम्ही पुन्हा घ्याल. मी ओळखते तुम्हाला. तर ऐकून ठेवा. ह्या टेबलावर एकाही विद्यार्थ्याचा साचा आला, तर मी तो उचलून रस्त्यावर फोडीन. कोणाचाही असो. आणि उद्या तनुजाला तिकडे एखादं काम जमलं नाही, आणि तिने ते कुरिअरने तुमच्याकडे पाठवलं, तर तोही."