पाच ट्राली मुरूम

नत्थूजी उमाटे रेल्वेत गँगमन होते. छत्तीस वर्षं त्यांनी सिंदीच्या अल्याड-पल्याडच्या रुळांखाली गिट्टी ठोकली. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. आता त्यांना एकच नाद उरला आहे, आकाशपाळण्याचा. त्यांच्या भाषेत झुल्याचा.

अडुसष्ट वर्षांचा माणूस जत्रेत जाऊन झुल्यात बसतो, याचं लोकांना हसू येतं. त्याच वयाचे लोक पानठेल्यावर बसून दिवसभर दुसऱ्याच्या सुनांची उणीदुणी काढतात, त्याचं कुणाला हसू येत नाही. रुख्माबाई, त्यांची बायको, सुरुवातीला म्हणायची, "लोक काय म्हन्तीन जी?" नत्थूजी म्हणाले, "लोकायले म्हना, तिकीट काढा अन् बसा." तिनं पुन्हा विचारलं नाही.

ते दहा वर्षांचे असताना गावच्या जत्रेत चार डोल्यांचा, म्हणजे चार पाळण्यांचा, लाकडी झुला आला होता. दोन माणसं तो हातानं फिरवायची. नत्थूजी एकदाच बसले. उतरले आणि संध्याकाळपर्यंत त्या दोघांकडे बघत उभे राहिले. भरलेली डोली वर कशी ढकलायची, खाली येताना तिला अंगावर कशी घ्यायची, हे बघत. पुढं इंजिनं आली, पट्टे आले, डोल्या चाराच्या चोवीस झाल्या. त्यांचं बघणं तेच राहिलं.

अजूनही ते जत्रेत गेल्याबरोबर बसत नाहीत. आधी एक पूर्ण भरणा बघतात. एक डोली भरली की चाक अर्धं फिरवून समोरची भरायची, म्हणजे वजन दोन्हीकडे सारखं राहतं. जो माणूस ओळीनं डोल्या भरत जातो, त्याच्या झुल्यात नत्थूजी पाय ठेवत नाहीत. बसले की ओरडत नाहीत, फोन काढत नाहीत. वर गेल्यावर चाक थांबतं तेव्हा डोली जराशी पुढंमागं होते. तेवढ्यासाठी ते रोहण्यापासून वडनेरपर्यंत जिल्हाभर फिरतात.

नातीनं, सुरभीनं, त्यांना एकदा शहराजवळच्या मोठ्या बागेत नेलं. तिथं चाळीस प्रकारचे झुले कायमचे उभे. नत्थूजी सगळ्यांत बसले. परतताना म्हणाले, "झुले चांगले हायेत. पन एका जागी उभे हायेत. दर आठ दिवसांनी उकलाचं, ट्रकात भराचं, नव्या मातीत उभं कराचं, हे त्याहीले जमते का?" सुरभी म्हणाली, "आबाजी, त्याहीले गरजच काय?"

गेल्या वर्षीची गोष्ट. सिंदीपासून दोन कोसांवर एक गाव आहे. नाव देत नाही. गावाचा दोष नव्हता, जत्रेच्या समितीचा होता. तान्ह्या पोळ्याला तिथं मोठी जत्रा भरते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी बैल सजवून आणतात, बक्षिसं होतात, आणि मग सगळी पोरं झुल्याकडे धावतात. झुला प्रेमदासचा. प्रेमदास वीस वर्षांपासून जिल्ह्यात झुला घेऊन फिरतो. त्याची बायको तानाबाई तिकिटं फाडते. हाताखाली नऊ माणसं.

पोळ्याच्या दिवशी सकाळी नत्थूजी सुरभीच्या स्कुटीवर मागं बसून तिकडं गेले. झुला उभा झाला होता. पण जागा बघून ते चालत्या स्कुटीवरूनच उतरायला निघाले.

दरवर्षी झुला शाळेमागच्या टेकाडावर असायचा. तिथं खाली कडक मुरूम, पाणी थांबत नाही. या वर्षी टेकाडाला दोर बांधले होते आणि पाटी लावली होती, 'पाहुण्यांच्या गाड्या'. झुला खाली नाल्याकडे, काळ्या मातीत. भादव्याच्या तोंडावर, चार दिवसांच्या पावसानंतर. वरून लालसर मुरमाचा थर देऊन जागा छान सपाट केली होती.

नत्थूजींनी एका माणसाच्या हातातली सब्बल, लोखंडी पहार, घेतली आणि झुल्याच्या पायापासून दोन हातांवर रोवली. वीतभर मुरूम लागला. त्याच्याखाली सब्बल नुसत्या तिच्या वजनानं आत गेली. हातभर.

"प्रेमदास," त्यांनी हाक मारली. "हे काय हाय?"

प्रेमदासनं सब्बलीकडे पाहिलं नाही. "जागा समितीनं देल्ली दादा."

"जागा समितीनं देल्ली. झुला कोनाचा हाय?"

"माहाच हाय. पन बोललो त पुढच्या वर्षी दुसऱ्याले बोलावतीन. मी बाहेरचा मानूस."

"अन् पोरं? ते बी बाहेरची हायेत का?"

तानाबाई मागून म्हणाली, "मी काल रातीपासून हेच सांगून राह्यली. माहं आयकते कोन?"

समितीचा अध्यक्ष गजेंद्र कृषी केंद्र चालवतो. पांढरा शर्ट, हातात पत्रिका. पत्रिकेवर झुल्याचं मोठं चित्र होतं. नत्थूजी त्याच्याकडे गेले.

"गजेंद्रभाऊ, झुला टेकाडावर न्या लागते."

"काका, टेकाड पाहुण्यायसाठी ठेवलं. चिखलातून येतीन का ते?"

"पोरं चिखलात बसतीन ते चालते?"

"चिखल कुठी हाय? पाच ट्राली मुरूम टाकला. वरून ट्रॅक्टर फिरवला. पाहा न, कसं टनक झालं!"

"वीतभर. त्याच्याखाली लोनी हाय."

"काका, पूरं जग मुरूम टाकते. रोडावर टाकते, मळणीच्या खऱ्यात टाकते, लग्नाच्या मांडवात टाकते. तुमालेच काऊन खुपून राह्यला?"

हे मात्र खरं होतं. आमच्याकडे कुठंही पाय रुतला की मुरूम टाकतात. वरून कोरडं दिसलं की काम झालं. लग्नाच्या पंगतीला ते चालतं. पंगत जागची हलत नाही. फिरणाऱ्या चाकाचं वजन एकदा या पायावर येतं, एकदा त्या पायावर. खालची काळी माती दबते, बाजूला सरकते, आणि वरचा मुरूम तसाच छान दिसत राहतो. रुळाखाली हेच होतं. छत्तीस वर्षं नत्थूजींनी हेच निस्तरलं, उन्हात, मुकादमाच्या शिव्या खात. एका स्लीपरखाली बोटभर जागा सुटली तरी गाडी सांगते. आणि हा दुकानात बसणारा माणूस त्यांना टणक म्हणजे काय ते शिकवत होता.

नत्थूजींचा आवाज चढला. "भाऊ, तुह्या घरचं पोरगं बसव मंग पयले."

"माहं पोरगं नागपूरले शिकते," गजेंद्र म्हणाला आणि मंडपवाल्याकडे निघून गेला.

नत्थूजी परत झुल्यापाशी आले. गजेंद्रपेक्षा त्यांना आता प्रेमदासचा जास्त राग आला होता. गजेंद्रला कळत नव्हतं. याला कळत होतं.

"मानूस बसवू नको," ते म्हणाले. "डोल्यायमंदी रेतीची पोती भर अन् फिरव. अर्धा घंटा. काई नाई झालं त मी माफी मागतो, तुही बी अन् त्या गजेंद्रची बी."

प्रेमदासनं माणसांना हाक मारली. पोती भरायला दोन तास लागले. नऊ माणसं भरत राहिली. नत्थूजींनीही भरली. सुरभीनं "आबाजी, तुमची कंबर" म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

इंजिन सुरू झालं. दहा फेऱ्या ठीक गेल्या. विसाव्या फेरीला नाल्याकडच्या पायाखालचा लाकडी ठोकळा एका बाजूनं मुरमात शिरला. वरून करकर आवाज आला, लोखंडावर लोखंड घासल्याचा. बघ्यांपैकी कुणाला काही कळलं नाही. प्रेमदासला कळलं. त्यानं स्वतः धावत जाऊन इंजिन बंद केलं.

"उकला," तो माणसांना म्हणाला. एवढंच.

गजेंद्र आला तो ओरडतच. "पत्रिकेत छापलं हाय! उद्या पोरायले काय सांगू?"

प्रेमदासनं पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं. "टेकाड द्या, सांगाची गरज नाई पडनार."

"टेकाड नाई भेटत."

"मंग झुला नाई भेटत."

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी झुला नाल्याकाठी तुकड्यातुकड्यांनी पडला होता. पोरं बैल काखेत घेऊन तिथं येऊन उभी राहायची. एक लहानगी रडायला लागली. तिची आई नत्थूजींच्या देखत म्हणाली, "या म्हाताऱ्यानंच बंद पाडला. सोताचं वय गेलं, पोरायची मजा पाह्यवत नाई." माईकवरून गजेंद्र सांगत होता, "काही तांत्रिक कारणामुळे आणि काही लोकांच्या आडमुठेपणामुळे..."

नत्थूजी तिथंच एका ठोकळ्यावर बसून होते. पळून गेले नाहीत. तांत्रिक! ज्यानं आयुष्यात कधी पहार उचलली नाही, त्याच्या तोंडी तांत्रिक.

चारला पाहुणे आले. एका गाडीत आले. सगळं टेकाड रिकामं, मधोमध ती एक गाडी. पाहुण्यांनी अर्धा तास भाषण केलं, बैलांना बक्षिसं दिली आणि गेले. त्यानंतर दहा मिनिटांत गजेंद्र प्रेमदासकडे आला. आवाज उतरला होता.

"आता घ्या टेकाड. दोन घंट्यात उभा करा. लोक अजून हायेत."

"दोन घंट्यात?" नत्थूजी उठून उभे राहिले. "चवदा घंटे लागते भाऊ. नऊ मानसं. परवा चवदा घंटे लागले, तवा तू कुठी होता? एका पायाखाली सहा ठोकळे रचाचे, एकेक बसवून पाहाचा. दोन घंट्यात तुह्याच्यानं हार तरी ओवून होते का?"

बघ्यांमध्ये कुणीतरी हसलं. गजेंद्र लाल झाला. पण टेकाड दिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाललं. जत्रा उठली होती, खेळण्यांची दुकानं गेली होती. ठोकळ्यांखालची गिट्टी नत्थूजींनी स्वतः ठोकली. प्रेमदासनं एकदा "आता बस झालं दादा" म्हटलं, तर ते म्हणाले, "तुले बस झालं असन. पायाले नाई झालं." तिसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत झुला फिरला. सगळी शाळा बसली. ती रडणारी लहानगी तीनदा बसली. तिची आई दोरापाशी उभी होती, नत्थूजींशी एक शब्द बोलली नाही. नत्थूजींनीही बोलवलं नाही. समोरासमोरच्या डोल्या भरतात की नाही, तेवढंच ते बघत होते.

चौथ्या दिवशी सकाळी सुरभीनं फोन दाखवला. गावाच्या ग्रुपवर गजेंद्रनं झुल्यापुढं उभा राहून काढलेला फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं: 'समितीच्या अथक परिश्रमाने बालगोपाळांसाठी सुरक्षित आकाशझुला.' खाली साठ लोकांनी हात जोडले होते.

नत्थूजींनी ते दोनदा वाचायला लावलं. 'अथक' शब्दाशी थांबायला लावलं.

"लिह," ते म्हणाले.

"आबाजी, भांडन नोका करू ग्रुपवर."

"भांडन नाई. नावं लिह. झुला ज्याहीनं उभा केला त्या नऊ जनायची. बाकी एक अक्षर नको. प्रेमदासचं बी नको, त्याचं त फोटोतल्या झुल्याच्या पाटीवर हाय. लिह, रोशन. ऋतिक. बंडू, तो भिवापूरचा..."

सात नावं झाली. सुरभी फोनवर अंगठा धरून थांबली. नत्थूजी आढ्याकडे बघत होते. दोघं उरले. एक उंच, डाव्या हाताला पट्टी बांधलेला. एक जो दिवसभर बोललाच नव्हता. दोघांबरोबर त्यांनी एका सब्बलीला हात लावून ठोकळे सरकवले होते, एका डब्यातली भाकर खाल्ली होती. नाव विचारलं नव्हतं.

"सात टाकू का?" सुरभीनं विचारलं.

"सात काऊन? नऊ होते." नत्थूजी चिडले, या वेळी स्वतःवर. त्यांनी चपला घातल्या. "ट्रक वडनेरले निंगाचा असन. स्कुटी काढ लौकर."