मेंदूचा नकाशा काढणारा

मी अन् डाक्टरनं शेवटचं सोबत काही केलं असेल, तर सौंसरला माझ्या ओसरीवर बसून संत्री खाल्ली. त्यानंतर भेट नाही. नागपूरचा हा मेंदूचा डाक्टर फोडीवरचा एकेक पांढरा दोरा काढल्याबिगर फोड तोंडात टाकत नसे. बायकोच्या कंपवातापायी चार वर्षं त्याच्याकडे जात होतो. दर वाक्यामागं त्याचं "समजलं का, काकाजी?" आणि मी उगाच मान हालवायचो. ती गेली तेव्हा त्यानं हात जोडून तिचा मेंदू अभ्यासाला मागितला. तेव्हाही मी मान हालवली.

त्या दिवशी त्यानं आधी चपला काढल्या, मग बॅगेतून एक्स-रेसारखी फिल्म काढली.

"मेंदूच्या पातळ चकत्या कापून त्यांना औषध लावलं. ज्या जागांनी ते धरलं, तिथं या फिल्मवर काळं उमटलं. त्या जागांचा नकाशा करून राहिलो आम्ही."

"मी तिचा नवरा हाओ, हे यात कुठं हाये?"

त्यानं हातातल्या फोडीवरचा एक दोरा काढला. "ते मलाही नाही समजलं, काकाजी."

खोटं बोलला नाही, म्हणून माणूस आवडला.

"उरलेला मेंदू बर्फात आहे," तो म्हणाला. "सांगा, अग्नी द्यायला परत आणू?"

"तिच्या अस्थी अजून झाडाले टांगून हायेत. अर्धीच बाई नदीत कशी सोडू?" मी चिडलो. मग म्हटलं, "तुमचं काम होऊ द्या. मंग आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी कन्हान नदीवर गेलो. अर्ध्या अस्थी सोडल्या. अर्ध्या परत आणून झाडाला बांधल्या, मेंदू येईल तेव्हा त्याच्यासोबत सोडायला.