गतिरोधकावरचा डबा

आमच्या गावाला सरकारनं जे काही दिलं, त्यात खरोखर कामाला आलेली वस्तू एकच. माझ्या पिठाच्या गिरणीसमोरचा गतिरोधक. बाकीच्या योजनांचे फलक गंजले, हा मात्र टिकला. त्याच्यामुळंच साखराबाईला आपला लेक आठवड्यातून दोन-तीनदा अर्धं मिनिट दिसायचा.

लेक म्हणजे भागवत. तेलाच्या टँकरवर ड्रायव्हर. सोलापूरकडच्या डेपोतून डिझेल भरायचं, लातूर, अहमदपूर, नांदेड करत नायगावच्या पंपावर रिकामं करायचं आणि परत जाऊन रांगेत नंबर लावायचा. अहमदपूरच्या अलीकडं आमचं गाव, आणि त्याचं घर रस्त्यापासून पन्नास पावलांवर. पण घरी उतरायची सोय नाही. गाडीवर एक यंत्र बसवलेलं असतं. ठरलेल्या जागा सोडून गाडी कुठं उभी राहिली की ऑफिसात कळतं, आणि ड्रायव्हर तेल चोरून विकतोय असंच धरून चालतात. नोकरीला लागला त्याच साली पोट बिघडलं म्हणून हा बाबा चाकूरजवळ दहा मिनिटं बाभळीआड गेला, तर पंधरा दिवस गाडीला भरणं मिळालं नाही. मालकानं सांगून टाकलं, "आता एकदा जरी थांबलास तर चावी ठेव अन् घरी जा."

थांबायची बंदी, हळू जायची नाही. मग मायलेकांनी त्यातून वाट काढली. लातूर सुटलं की भागवत फोन करायचा. साखराबाई दोन भाकरी, पिठलं, ठेचा डब्यात भरून गतिरोधकाजवळ येऊन उभी राहायची. दुरून दोन हॉर्न. टँकर गतिरोधकावर रांगायला लागला की ती खिडकीशी चालत डबा वर करायची, तो रिकामा डबा खाली सोडायचा. तेवढ्यात "जेवलास का?" आणि "गुडघा कसा हाय?" एवढं बोलणं व्हायचं. सात वर्षं हे चाललं. मी गिरणीतून बघायचो आणि हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

यंदा जूनमध्ये पेरणीची एकच घाई उडाली. जो तो ट्रॅक्टर घेऊन पंपावर, ट्रॅक्टर नसेल तो कॅन घेऊन. भागवत खेपेमागून खेप मारत होता, डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. त्या दिवशी त्याच्या मागं एसटी लागली होती आणि तिचा ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढत नव्हता. भागवतनं नेहमीएवढी गाडी हळू केली नाही. साखराबाई डबा उंच धरून पळायला लागली. सत्तरीची बाई, पळते कसली! डबा त्याच्या हातात गेला आणि ती खडीवर आडवी झाली.

त्यानं आरशात बघितलं. बघितलं हे मला ठाऊक आहे, कारण ब्रेकचे लाल दिवे लागले. मी गिरणीतून उठलो. दिवे विझले. टँकर गेला.

मी तिच्यापाशी पोचायच्या आत खिशातला फोन वाजला. "काका, आई पडली. बघा जरा. मला थांबता येत न्हाई."

"तुझ्यासारखा हरामखोर लेक पोटी यायला तिनं काय पाप केलं होतं रे?" मी ओरडलो. फोन खिशात कोंबून मी पळालो.

साखराबाईचा पाय भलतीकडं वळला होता. मला बघून तिनं पहिला प्रश्न केला तो असा, "गेला का त्यो? थांबला तर न्हाई?"

"गेला."

"बरं झालं माय," ती म्हणाली आणि मग कण्हायला लागली.

खुबा मोडला होता. अहमदपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय ऑपरेशन सोसणार नाही, घरी न्या. खाट रस्त्याकडच्या खोलीत टाकली. सून सुकन्या तिचं सगळं करायची आणि डबाही पोचवायची. भागवतला बदली ड्रायव्हर मिळेना, म्हणून सुट्टी मिळेना. जून-जुलैत तो खाटेपासून पन्नास पावलांवरून वीसेक वेळा तरी गेला. प्रत्येक वेळी दोन हॉर्न वाजायचे आणि म्हातारी पडल्या पडल्या हात वर करायची. पुढं पुढं कोणत्याही गाडीच्या हॉर्नला करायला लागली.

ऑगस्टात पावसानं झड धरली. ट्रॅक्टर उभे राहिले, पंपांच्या टाक्या भरलेल्या. आठवड्यातून एक नंबर लागायची मारामार. मालकानं भागवतला कळवलं, बोलावल्याशिवाय येऊ नको. जूनमध्ये ज्याला दहा मिनिटं मिळत नव्हती, त्याला आता अख्खे दिवस मोकळे होते. तो आईच्या उशाशी बसून राहायचा, तिचे पाय चोळायचा. ती मात्र त्याला ओळखेना. सुकन्याला विचारायची, "ह्यो पाव्हणा कवा जाणार?"

एका दुपारी मी चौकशीला गेलो होतो. रस्त्यावर हॉर्न वाजला, दोनदा. साखराबाई धडपडून उठायला बघायला लागली. "माझा भागवत आला. डबा द्या की कुणीतरी!" सुकन्या नळावर गेलेली. म्हातारीनं भागवतकडं बोट केलं. "ए पाव्हण्या, एवढा डबा दिऊन ये बाबा. लेकरू उपाशी जातंय."

भागवतनं माझ्याकडं बघितलं. त्यानं कोनाड्यातला डबा घेतला आणि रस्त्यावर गेला. मी दारातून बघत होतो. कुठलासा अनोळखी टँकर होता. भागवतनं खरंच डबा वर धरला. ड्रायव्हरनं त्याच्याकडं बघितलंही नाही. गतिरोधकावरून गाडी आदळली आणि चिखल उडवत निघून गेली.

तो आत आला. डबा पाठीमागं धरलेला, विजारीवर चिखल.

"दिला का?"

"हाव, दिला."

"काय म्हणला?"

"गाडी थांबवली त्यानं. खाली उतरला. आई कशी हाय म्हणून विचारलं."

साखराबाईनं त्याच्याकडं निरखून बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"खोटं बोलू नको पाव्हण्या," ती म्हणाली. "माझा लेक थांबत न्हाई."