न उघडलेल्या पत्रिकेला पाच तारे

पौडच्या बाजारपेठेत नाजनीनच्या दुकानाचा पत्ता कुणाला विचारावा लागत नाही. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबाऱ्याचे उतारे असं सगळं तिथे मिळतं. पण दुकानाचं नाव झालं ते लग्नपत्रिकांमुळे. बावीस वर्षं ती मुळशी तालुक्यातल्या पत्रिका टाइप करते आहे. कोण कुणाचा साडू, कुठल्या भावकीत कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचं नाव कुणाच्या वर गेलं तर ऐन मांडवात रुसवा होईल, हे तिला तलाठ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

मुळशीतली पत्रिका म्हणजे नुसतं आमंत्रण नव्हे. नवरानवरीची नावं दोन ओळींत आटोपतात आणि खरी पत्रिका त्याखाली सुरू होते. निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, कार्यवाहक, आणि मग शंभरेक नावं, सगळी मानाप्रमाणे. "आमच्यात तरी काय वेगळं हाय?" नाजनीन हसून म्हणते. "निकाहच्या पत्रिकेत मामूंचं नाव चाचांच्या खाली गेलं, की वलीम्याच्या जेवणातली बिर्याणी कडू झालीच म्हणून समजा."

हा नावांचा गुंता सोडवणारा प्रोग्रॅम आपणच लिहावा, असं तिच्या डोक्यात आलं. दुपारी गिऱ्हाईक नसताना, व्हिडिओ बघत, चुकत, वैतागत तिने तो दोन वर्षांत पुरा केला. नाव आणि नातं भरायचं, की यादी मानाप्रमाणे आपोआप लागते. त्याला नाव दिलं 'मानपान'. इतकी वर्षं ती दुसऱ्यांचाच मजकूर टाइप करत आली होती. हे पहिलं काम तिचं स्वतःचं होतं. साहजिकच ते चांगलं झालंय का, एवढं एक तिला कुणाकडून तरी खरंखरं ऐकायचं होतं.

पण ते सांगणार कोण? नवरा साबीर, त्याचं शेजारीच कापडाचं दुकान, मान वर न करता "मस्त" म्हणाला. माले गावचे कोंडाजी आबा, ज्यांच्या नातीची, अपेक्षाची पत्रिका 'मानपान'वर पहिल्यांदा झाली, ते म्हणाले, "लई भारी." आबा तर चहालासुद्धा लई भारीच म्हणतात. त्यांनी अपेक्षाच्या पत्रिकेतली नावं नऊ वेळा खालीवर करायला लावली होती, त्याची आठवण मात्र त्यांना नव्हती.

शेवटी तिने जगाचंच मत घ्यायचं ठरवलं. इंटरनेटवर सॉफ्टवेअर उतरवून घेण्याच्या साइट असतात, तिथे कुणीही आपला प्रोग्रॅम ठेवू शकतो. तशा तीन साइटवर तिने 'मानपान' चढवला. आठवडा झाला नाही तोच एकीकडून पाच तारे आले, दुसरीकडून 'संपादकांची खास पसंती' आणि तिसरीकडून 'शंभर टक्के स्वच्छ'चा शिक्का. खाली कुणा परदेशी माणसाने लिहिलं होतं, की वापरायला सोपा, वेगवान, आमच्या ऑफिसचं काम निम्म्यावर आलं. परदेशातल्या ऑफिसात मामा-मावश्यांची नावं मानाप्रमाणे कशाला लावत असतील, हा प्रश्न तिला तेव्हा पडला नाही. आनंदात असे प्रश्न कुणाला पडतात? तिने तिन्ही प्रमाणपत्रं रंगीत छापून, लॅमिनेट करून भिंतीवर लावली आणि त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला चहा पाजला.

पौडात बातमी पसरायला वेळ लागत नाही, आणि बातमी चांगली असली तर सत्कार टळत नाही. कोंडाजी आबांनी मनावर घेतलं. चौकात फ्लेक्स लागला, 'जागतिक पुरस्कार विजेत्या नाजनीनताईंचा भव्य सत्कार'. त्यावर नाजनीनचा फोटो तिकिटाएवढा होता आणि आबांचा फेट्यासकट दाराएवढा. रविवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर मांडव, शाल, श्रीफळ, वर मोठा पडदा. पडद्यावर 'मानपान' चालवून दाखवायचा, असं ठरलं.

रविवारी सकाळी नाजनीनने विचार केला, की प्रोग्रॅम साइटवरूनच उतरवून दाखवू, लोकांना बरं वाटेल. तालीम म्हणून तिने तो उतरवला आणि उघडला. समोर गणपती आला. त्याखाली 'चि. सौ. कां. अपेक्षा'.

तिने बाकीच्या दोन्ही साइटवरूनही उतरवून बघितलं. दुसऱ्या साइटवर तेच, तिसऱ्या साइटवर तेच. हळूहळू उलगडा झाला. आबांनी नऊ वेळा बदल सांगितले, तिने नऊ वेळा पत्रिकेची फाइल प्रोग्रॅमच्याच नावाने साठवली. 'मानपान फायनल', 'मानपान फायनल २', 'मानपान एकदम फायनल' असं करत करत पत्रिका आणि प्रोग्रॅम एकाच नावाने शेजारी शेजारी जाऊन बसले होते, आणि चढवताना तिने उचलली ती पत्रिका. मालेतल्या एका लग्नाचं आमंत्रण सॉफ्टवेअर म्हणून जगभर गेलं होतं आणि त्याला पाच तारे मिळाले होते! तीन पुरस्कारांतला एकच खरा म्हणायचा, तो स्वच्छतेचा. पत्रिकेत व्हायरस नव्हता हे कबूल करायला हवं.

तिने तिन्ही साइटना लगेच कळवलं, की फाइल चुकली आहे, पुरस्कार काढून घ्या. दहा मिनिटांत एकीचं उत्तर आलं: नव्या आवृत्तीबद्दल अभिनंदन, आपले पाच तारे कायम आहेत, हे बोधचिन्ह आपल्या पानावर अवश्य लावा. त्या चिन्हावर बोट ठेवलं की माणूस थेट त्यांच्या साइटवर जाऊन पडत होता. म्हणजे बक्षीस तिला नव्हतंच. ती त्यांची फुकटची पाटी लावून बसली होती. आणि हेच तारे मोजून ती इतकी वर्षं लोकांना सॉफ्टवेअर उतरवून देताना सांगत आली होती, "चार तारे हायेत, बिनधास्त घ्या." ते आठवून तिला जास्त वाईट वाटलं.

साबीर म्हणाला, "कोण उघडून बघणार हाय? शाल घे आणि गप बस."

"कुणीच उघडून बघितलं न्हाई, हेच तर रडं हाय," ती म्हणाली.

संध्याकाळी आबांनी शाल घातली, श्रीफळ दिलं, वीस मिनिटं स्वतःबद्दल बोलले आणि माइक तिच्या हातात दिला. नाजनीनने आढेवेढे न घेता सगळं सांगून टाकलं. मग आबा उठले.

"म्हंजी आमच्या अपेक्षाची पत्रिका जगात पयली आली म्हनायची!"

"पयली न्हाई, आबा. कुणी उघडलीच न्हाई."

"आसंल. पर पाच तारं तर हायेत ना?"

मांडव खो-खो हसला. हसू ओसरायच्या आत पुढच्या रांगेतून सारजाबाई उभ्या राहिल्या. मालेच्याच; नवरा गेला तेव्हा मुलगा शंभू तीन वर्षांचा होता. तेव्हापासून त्यांनी एकटीने आंबेमोहोर भाताची खाचरं लावली आणि पोरगं वाढवलं.

"तारं-बिरं ऱ्हाऊ दे. पुढच्या महिन्यात माझ्या शंभूचं लगीन हाय. तुझं मशीन चालतंय का न्हाई, ते हितंच दाव."

नाजनीनने लॅपटॉप पडद्याला जोडला आणि खरा 'मानपान' उघडला. सारजाबाई नावं सांगत गेल्या, ती भरत गेली. चुलते, मामा, आत्याचे यजमान, सगळे पडद्यावर पटापट आपापल्या जागी जाऊन बसले. लोक टाळ्या वाजवू लागले.

"आता निमंत्रकात माझं नाव घाल," सारजाबाई म्हणाल्या.

निमंत्रकाच्या रकान्यात तीनच पर्याय होते: 'श्री.', 'श्री. व सौ.' आणि 'कै.' नाजनीनने तरी सारजाबाईंचं नाव टाइप केलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'निमंत्रकाचे नाव अपूर्ण आहे.' तिने 'कै.' निवडून नवऱ्याचं नाव भरलं, तर ते मुकाट्याने घेतलं गेलं. सारजाबाई मात्र पत्रिकेत कुठेच उरल्या नाहीत.

लाल अक्षरं काय म्हणतात, ते शेजारणीने सारजाबाईंच्या कानात सांगितलं.

"आगं पोरी, पोरगं म्या वाढीवलं, पोरगी म्या बघितली, मांडव म्या घालतीया. आन तुझं मशीन म्हनतंय, नाव अपुरं हाय?"

नाजनीनचा चेहरा तापला. जुन्या पत्रिकांवरून तिने रकाने जसेच्या तसे उचलले होते, बाई असून. ती ओशाळली, खरंच ओशाळली. पण त्याच क्षणी तिला इतका आनंद झाला, की डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिचं काम उघडून बघितलं होतं.

"मावशी, पंधरा मिनिटं द्या," ती म्हणाली आणि खांद्यावर शाल तशीच ठेवून स्टेजवरच मांडी घालून बसली. आबांनी जिलेबी वाटायला सांगितली, त्यामुळे कुणी हललं नाही. पंधराची पंचवीस मिनिटं झाली. मग तिने बटण दाबलं आणि पडद्यावर वीतभर अक्षरांत ओळ उमटली: 'निमंत्रक: श्रीमती सारजाबाई दगडू शेंडे'.

सारजाबाईंना वाचता येत नव्हतं. "कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

नाजनीन खाली उतरली, त्यांना हाताला धरून पडद्याशी घेऊन गेली आणि त्यांचं बोट त्या ओळीवर ठेवलं. सारजाबाईंनी ते सगळ्या ओळीवरून सावकाश फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत.

"व्हय," त्या म्हणाल्या. "आता चालतंय."